आधी सूनबाई, मग सासरे

आत्याच्या दुकानात सरळ पायांचं कुणी येत नसे. सरळ पायांसाठी बाजारात दुकानांची काय वाण आहे! आत्याकडे यायचे ते एक पाय आखूड असलेले, चवडा पसरलेले, टाच वाकडी पडलेले, अपघातात बोटं गमावलेले. थोडक्यात, ज्यांना बुटांच्या दुकानातला विक्रेता 'ह्या मापात नाही हो' म्हणून गोड हसून वाटेला लावतो ते सगळे. आत्या त्यांना फक्त 'बसा' म्हणायची आणि पुढे एक अक्षर न बोलता बुटाच्या मापासाठी त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्यायची. उभ्या जन्मात तिने इतके पाय मांडीवर घेतले होते की माणसाचा चेहरा ती विसरेल, पाय विसरायची नाही. रस्त्यात कुणी 'ओळखलंत का?' म्हणून थांबवलं तर ती आधी खाली बघायची.

असल्या दुकानात कॉम्प्युटरचं काय काम, असं कुणालाही वाटेल. आत्यालाही तसंच वाटलं होतं. पण मधल्या काही वर्षांत तिच्या डोळ्यांनी दगा दिला. पार गेले नाहीत. माणूस दिसायचा, रंग दिसायचे, दारातली सायकल दिसायची. फक्त बारीक रेघ दिसेना. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने काढलेली रेघ तिच्या डोळ्यांपुढे फुटायची, पसरायची आणि मग दिसेनाशीच व्हायची. आणि बुटाच्या धंद्यात रेघ दिसली नाही तर उरलं काय? हात शाबूत, अक्कल शाबूत, जिभेची धार तर पहिल्यापेक्षा वाढलेली, पण रेघ नाही.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ मदतीला धावून आला. हा दूरच्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला एक जुना, हंड्याएवढ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणला, त्याच्याच वयाचा एक स्कॅनर आणला, स्कॅनरवर माणूस उभा राहू शकेल अशी जाड काच बसवली, आणि ताईला म्हणाला, "आता ह्यावर पाय ठेवायला सांग." काचेखालून हिरवट उजेडाची पट्टी सरकत गेली आणि पडद्यावर तळवा उमटला, ताटाएवढा मोठा, एकेक सुरकुती दाखवणारा. आत्या बराच वेळ त्या तळव्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि भावाला म्हणाली, "धूळ फार आहे तुझ्या यंत्रावर."

भावाने जाताना तिला नियम शिकवले. हल्लीच्या वस्तू येता-जाता लावा आणि काढा, त्यांना चालतं. ह्याला चालत नाही. ह्याला सगळं बंद करून, भिंतीतला प्लग काढूनच हात लावायचा. चालू असताना साधा माऊस जरी उपटला तरी आतलं काहीतरी जळायचं, आणि ते काहीतरी आता कुठे मिळतही नाही. सुरू करताना आधी स्कॅनर, तो तयार झाला की मग कॉम्प्युटर, नाहीतर कॉम्प्युटर त्याला ओळखच देत नाही. बंद करताना बरोबर उलट. केबलला धरून ओढायचं नाही, प्लगचं डोकं धरायचं. आणि जात नसेल तर ढकलायचं नाही, काढून बघायचं.

आत्याने हे सगळं आपल्या पद्धतीने लावून घेतलं. कॉम्प्युटर म्हणजे सासरे. स्कॅनर म्हणजे सूनबाई. सूनबाई आधी उठते, मग सासरे. सासरे आधी झोपतात, मग सूनबाई. प्रिंटरला तिने नणंद केलं होतं, कारण तो एकदा खरखर करायला लागला की कुणाचं ऐकायचा नाही.

"पण तू स्वतःच नणंद आहेस ना, आत्या?" भाचीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"म्हणून तर मला माहीत आहे," आत्या म्हणाली होती.

ही भाची म्हणजे त्याच भावाची मुलगी. एका ऑफिसात कानाला यंत्र लावून दिवसभर अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकायची नोकरी होती तिला. एके दिवशी ती सोडून, बॅग घेऊन आत्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला बूट शिकव." आत्याने तिला हाकललं नाही आणि फार कौतुकही केलं नाही. वर्षभरात पोरगी चामडं कापायला शिकली, तळ शिवायला शिकली, साचा घासायला शिकली. पूर्ण बूट मात्र आत्याने अजून एकदाही तिच्या एकटीच्या हातात दिला नव्हता. 'बघू' म्हणायची. त्या 'बघू'चं भाचीला हल्ली टेन्शन यायला लागलं होतं.

आणि एक गोष्ट भाचीला ठाऊकच नव्हती. कॉम्प्युटर आला त्याच दिवशी आत्याने भावाला निक्षून सांगितलं होतं, "हा डबा ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी मीही दुकान बंद करीन. पुन्हा नवं काही शिकायला मी बसलेली नाही." भाऊ हसला होता. आत्या हसली नव्हती.

तर त्या आठवड्यात मागच्या खोलीची भिंत गळायला लागली. नेमकी कॉम्प्युटरच्या मागची. प्लंबर आला, भिंतीवर बोटाने टकटक केली, डॉक्टरसारखी मान हलवली आणि म्हणाला, "नळ आतून गेलाय. भिंत फोडावी लागेल. हे टेबल हलवा इथून."

"ते टेबल आल्यापासून हललेलं नाही," आत्या म्हणाली.

"मग आता हलेल," प्लंबर म्हणाला. त्याला काय, भिंत फोडायची होती.

आत्याने काम हातात घेतलं की त्यात हयगय नसायची. तिने भाचीला शेजारी उभं केलं आणि आधी सासऱ्यांना रीतसर झोपवलं, मग सूनबाईला, मग नणंदेला. भिंतीतले प्लग काढले. जरा थांबली. लोखंडी कपाटाला हात लावला, कारण भाऊ सांगून गेला होता की अंगात विजेचा कण असला तर तो तिथे उतरवून ठेवायचा. मग दोऱ्याची रिळं काढली. दुकानात डाव्या बुटाच्या तुकड्यांना निळा दोरा आणि उजव्याच्या तुकड्यांना लाल दोरा बांधायची जुनी पद्धत होती, म्हणजे ढिगाऱ्यात गल्लत व्हायला नको. आत्याने तीच पद्धत केबलींना लावली. स्कॅनरच्या केबलला लाल आणि जिथून ती काढली त्या तोंडालाही लाल. प्रिंटरला निळा इकडे आणि निळा तिकडे. कीबोर्डला पिवळा, माऊसला पांढरा. भाची एकेक स्क्रू सोडवत होती, दोन्ही बाजूंचे आळीपाळीने, आणि आत्या गाठी मारत होती.

"बाबांनी बघायला हवं होतं हे," भाची म्हणाली.

"त्याने मला दोरे कुठे शिकवले? ते माझं मला येतं."

सगळं सामान पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या कटिंगच्या टेबलावर आलं. इथवर कुणाचं काही चुकलं नाही. चुकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या दिवशी चिमणी येणार होती. चिमणी म्हणजे एका बेकरीवाल्याची मुलगी; एक पाय जन्मापासून आखूड आणि त्याचा तळवाही लहान. तिचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. दर वर्षी बेकरीवाला एक दिवस भट्टी बंद ठेवून तिला लांबून घेऊन यायचा, मापं व्हायची, मागच्या वर्षीचा तळवा आणि ह्या वर्षीचा तळवा पडद्यावर शेजारी शेजारी मांडून आत्या बघायची की कुठे किती वाढलाय आणि कुठे किती उंची द्यायची. मागच्या वर्षीचा तळवा त्या कॉम्प्युटरच्या पोटात होता, दुसरीकडे कुठेही नव्हता.

पुढच्या खोलीत भिंतीतला सॉकेट लांब पडत होता म्हणून भाची लांब वायरचा बोर्ड आणायला बाहेर गेली. आत्याने वाट बघायला हवी होती. पण वाट बघणं हा प्रकार तिच्या स्वभावात देवाने घातलाच नव्हता. दोरे तर बांधलेले होते! पिवळ्याला पिवळा लागला. पांढऱ्याला पांढरा लागला. निळा बसला. राहिला लाल, स्कॅनरचा जाडजूड प्लग, आत केसांसारख्या पिनांच्या रांगा असलेला. तो एका कडेने गेला आणि दुसऱ्या कडेने अडला.

आत्याने जरा दाबलं. अडला. काढला, पुन्हा लावला. अडला. 'ढकलायचं नाही' हे तिला आठवत होतं. मग ढकलायचं नाही तर काय करायचं? आता, बूट शिवणाऱ्या माणसाच्या हाताला ह्या प्रश्नाचं एकच उत्तर ठाऊक असतं. सुई अडली, दोरा अडला, आरी अडली, की मेण. तिचा हात आपोआप टेबलाच्या कोपऱ्यातल्या मेणाच्या गोळ्याकडे गेला. तिने प्लगच्या तोंडावरून मेण फिरवलं, आतल्या बाजूनेही बोटाने नीट चोळलं, एकही पीन कोरडी राहू नये म्हणून काळजी घेतली, आणि प्लग लावला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. आत्या खूश झाली. तिने दोन्ही स्क्रू आवळले आणि हात पुसले.

भाची बोर्ड घेऊन आली. प्लग भिंतीत गेले. आधी सूनबाई उठली. तिचा हिरवा दिवा लागला. मग सासरे घरघर करत उठले. पडदा उजळला, सगळं नेहमीसारखं दिसलं, आत्याने पाय मोजायचा प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर एक करडी पाटी आली.

"काय म्हणतोय?" आत्याने विचारलं. पाटीवरची अक्षरं बारीक होती.

"स्कॅनर सापडत नाही म्हणतोय."

"सापडत नाही म्हणजे? शेजारी तर बसलाय!"

त्यांनी सगळं रीतीने बंद केलं आणि रीतीने सुरू केलं. पाटी आली. पुन्हा केलं. पुन्हा पाटी आली. आत्या खुर्चीवर बसली. भाचीने वडिलांना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"क्रम बरोबर आहे ना?" भावाने विचारलं.

"आधी सूनबाई, मग सासरे," भाची म्हणाली.

"अं? बरं. चालू असताना काही काढलं-घातलं नाही ना?"

"मी काय वेडी आहे?" आत्या म्हणाली.

"प्लग लावताना जोर तर नाही ना लावलास, ताई?"

"जोर? छे! अगदी अलगद गेला."

हे तिने अगदी खरं सांगितलं. भावाला पुढे काय विचारावं ते सुचेना. "मग कदाचित यंत्राचं वय झालं असेल," तो म्हणाला. "हलवाहलवीत जातात अशी. ताई, पण हे बघ, ते दुकान बंद करायचं वगैरे डोक्यात आणू नकोस हं. मी दुसरं काही बघतो."

"ठेव फोन," आत्या म्हणाली, आणि स्वतःच ठेवला.

भाची तिच्याकडे बघत उभी होती. "कुठलं दुकान बंद?"

"काही नाही."

"आत्या."

"अगं, मी म्हटलं होतं त्याला. हा बंद तर मीही बंद. मला रेघ दिसत नाही, बाई. दिसत नाही ते दिसत नाही. उगाच कुणाच्या पायाचं वाटोळं कशाला करू?"

"आणि मी?" भाचीचा आवाज चढला. "मी काय इथे वर्षभर मेण चोळायला राहिले?"

आत्या रागावल्यासारखी खिडकीतून बाहेर बघायला लागली. खरं तर तिला रडू येत होतं. दुकान गेल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त ह्याचं होतं की पोरीला हे असं, फोनवरून कळलं. आणि त्याच खिडकीतून तिला रस्त्याच्या पलीकडून येणारी एक चाल दिसली. चेहरा दिसत नव्हता, पण चाल दिसली: एक पाऊल पूर्ण, एक उडतं. चिमणी.

बेकरीवाला आत आला, भुवयांवर कालचं पीठ तसंच. चिमणीने मात्र कुणाला काही विचारलं नाही. तिने मागच्या खोलीत डोकावून फुटलेली भिंत बघितली, तिथून पुढे येऊन स्कॅनर शोधून काढला, खाली बसून बूट काढले, मोजे काढले आणि सरळ काचेवर जाऊन उभी राहिली.

"लावा," ती म्हणाली.

"चिमणे, अगं, आज..." आत्याने सुरुवात केली.

"गुदगुल्या होतात उजेडाच्या," चिमणीने भाचीला समजावून सांगितलं. "खऱ्या नाही होत. पण होतात."

आत्याने मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: आमचं यंत्र गेलं, मी दुकान बंद करतेय, दुसऱ्या एकाचा पत्ता देते. चांगलं, सभ्य वाक्य होतं. पण काचेवर उघड्या पायांनी उभ्या असलेल्या पोरीला ते सांगणार कसं? ती नुसतीच "यंत्र जरा रुसलंय" म्हणाली.

"एवढंच ना?" बेकरीवाला पुढे सरसावला. "काढून पुन्हा घालायची ती वायर. मी मोबाईलचं दिवसातून शंभरदा करतो." आणि त्याने लाल दोरा बांधलेल्या प्लगकडे हात नेला.

"खबरदार!" आत्या अशी कडाडली की बेकरीवाल्याने हात भट्टीला लागल्यासारखा मागे घेतला. "चालू आहे तो! तुमच्या मोबाईलला चालतं, ह्याला नाही चालत. आतलं जळलं तर आणणार कुठून? आधी झोपवायचं, मग हात लावायचा."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की जे यंत्र आता गेलंच आहे त्याच्यासाठी ती भांडत होती. भाचीच्याही ते लक्षात आलं. तिने सासऱ्यांना झोपवलं, मग सूनबाईला, भिंतीतले प्लग काढले, कपाटाला हात लावून आली आणि लाल दोऱ्याच्या प्लगचे स्क्रू सोडवायला बसली.

"काय करतेस?" आत्याने विचारलं.

"बाबा म्हणतात ना, काढून बघायचं. आपण फक्त बंद-चालू करतोय. काढून कुठे बघितलं?"

प्लग निघाला. जरा जास्तच सहज निघाला. भाचीने तो खिडकीच्या उजेडात धरला, मग नाकाशी नेला. मग आत्याकडे बघितलं.

"आत्या, ह्याला मेण कुणी लावलं?"

आत्याने आधी छताकडे बघितलं. मग बेकरीवाल्याकडे बघितलं, जसं काही त्यानेच लावलं असावं. मग म्हणाली, "जात नव्हता."

"म्हणून मेण?"

"अगं, अडलं की मेणच लावतात!"

"सुईला, आत्या! विजेला नाही! मेणातून वीज जाते का कधी?" भाची हसायला लागली. हसता हसता जमिनीवरच बसली. तिला हसताना बघून चिमणी हसायला लागली, चिमणीला बघून बेकरीवाला, आणि शेवटी आत्यालाही आपलं तोंड सरळ ठेवता येईना. थोबाडीत मारून घ्यावी तसा तिने स्वतःच्या गालावर हात ठेवला. "सूनबाईच्या कानातच मेण भरलं की गं मी," ती म्हणाली. "ऐकू येणार कसं तिला!"

दुकानात जुना गोंद पुसायचं स्पिरिट होतंच. भाचीने मऊ ब्रश त्यात बुडवून पिना धुतल्या, रांगेने, सावकाश. कॉम्प्युटरच्या बाजूचं तोंडही फडक्याने पुसलं. मेण निघालं. पण मेण निघाल्यावर दिसलं की टोकाची एक पीन वाकून शेजारणीला टेकलीय. म्हणजे प्लग पहिल्यांदा अडला तो त्या पिनेमुळे. मेणाने तिला सरळ केलं नव्हतं, नुसतं घसरून जायला शिकवलं होतं.

भाचीने चिमटा घेतला. चिमटा जाड. तिने सुई घेतली. पण पिनेपाशी नेऊन पुन्हा मागे घेतली. "मोडली तर?" ती म्हणाली. "ही मोडली तर खरंच संपलं, आत्या. मला नाही जमणार."

"मला दिसत नाही," आत्या म्हणाली.

"मला दिसतंय," भाची म्हणाली.

मग आत्याने हात पुढे केला. तिने नेहमीची सुई घेतली नाही. जाड चामड्याची बोथट सुई घेतली, दोन बोटांत धरली, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. भाचीने भिंग धरलं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून वाकली.

"डावीकडे. अजून. थांब. आता तू तिच्या बुडाशी आहेस."

"लागली हाताला."

"वर उचल. हळू. थोडी. अजून थोडी."

आत्याने डोळे मिटले होते. तसेही ते उपयोगाचे नव्हते. पिनेचा एवढासा प्रतिकार सुईतून तिच्या बोटांपर्यंत येत होता, आणि तो तिला चांगला ओळखीचा होता; पातळ चामड्यात टाका ओढताना, आता फाटेल की आता बसेल ह्या बेताला हात जसा थांबतो, तसाच तो थांबत होता. चिमणी काचेवरून उतरून टेबलाला नाक लावून उभी होती.

"बस," भाची म्हणाली. "आत्या, बस. सरळ झाली."

"शेजारणीच्या बरोबरीत आहे?"

"रांगेत उभी आहे शाळेतल्यासारखी."

मग स्पिरिट पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी वाट बघितली. आत्याने वाट बघितली, हे मुद्दाम सांगायला हवं. तिने सगळ्यांना चहा केला, चिमणीला दूध दिलं, बेकरीवाल्याने आणलेली बिस्किटं काढली, आणि प्लगकडे ती एकदाही गेली नाही. शेवटी भाचीने लाल दोऱ्याला लाल दोरा बघून प्लग सरळ धरला आणि लावला. तो थोडा घट्ट गेला, जसा जायला हवा तसा. स्क्रू आळीपाळीने आवळले. भिंतीतले प्लग लागले.

"कोण आधी?" चिमणीने विचारलं.

"सूनबाई," तिघंही एकदम म्हणाली. बेकरीवाल्यालाही आता पाठ झालं होतं.

हिरवा दिवा लागला. सासरे घरघरले. भाचीने प्रोग्राम उघडला. आत्या पडद्याकडे बघत नव्हती. ती काचेकडे बघत होती, जिथे चिमणी पुन्हा चढून उभी राहिली होती, एक पाय टाच टेकवून, एक चवड्यावर. क्षणभर काहीच झालं नाही. मग काचेखालून उजेडाची पट्टी सरकायला लागली.

"होतात, होतात!" चिमणी किंचाळली.

आत्याने आता मान वर केली. पडद्यावर तळवा उमटत होता, आणि त्याच्या शेजारी भाचीने मागच्या वर्षीचा तळवा आणून ठेवला. लहान पायही वाढला होता. थोडाच, पण वाढला होता. ह्यावेळी आत्याला डोळे पुसायला धूळ सापडली नाही, आणि तिने ती शोधलीही नाही.

मापं झाली. रंग ठरला, अर्थात दर वर्षीसारखा लाल. दारात बूट घालता घालता चिमणीने वळून विचारलं, "पुढच्या वर्षी पण उजेड असेल ना?"

आत्याने भाचीकडे बघितलं. सकाळी जुळवलेलं सभ्य वाक्य तिला आता आठवतही नव्हतं.

"उजेडाचं माहीत नाही," ती म्हणाली. "सासरे म्हातारे आहेत आमचे. पण आम्ही दोघी असू. तू फक्त पाय वाढव."

"दोघी असलात तर चालेल," चिमणी म्हणाली, आणि एक पूर्ण, एक उडतं करत वडिलांच्या मागे गेली.

दोघींनी मिळून सासऱ्यांना झोपवलं, मग सूनबाईला. झोपवण्याआधी भाचीने चिमणीचे सगळे तळवे पहिल्या वर्षापासून कागदावर छापून घेतले, ठळक, जाड रेघेत. नणंद बराच वेळ खरखरत होती. आत्याने मेणाचा गोळा उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. मग लाल चामडं काढलं, टेबलावर पसरलं, हाताने ओढून ते कुठल्या बाजूला ताणतं ते बघितलं आणि मधोमध दोन भाग करून एक भाग भाचीपुढे सरकवला.

"डावा मी करते," ती म्हणाली. "उजवा तू कर."

"पूर्ण?"

"अर्धा बूट घालतं का कुणी?"

भाचीने चामड्यावर हात ठेवला. तिला आनंद झाला होता आणि तो लपवणं तिला काही जमत नव्हतं. पण तेवढ्यात तिच्या मनात शंका आली. "आत्या, दोघींच्या हातचे दोन बूट. वेगळे दिसले तर?"

आत्याने निळा दोरा आपल्याकडे ओढला आणि लाल दोऱ्याचं रीळ तिच्याकडे सारलं.

"दिसू देत," ती म्हणाली. "तिचे पायही वेगळेच आहेत."